येळवशीला पंचवीस माणसं

सोमवारी येळवस हाय, चलथाणला शेतात जेवण हाय, सगळ्यांनी बायकापोरांसकट यायचं, असं श्रीपतनं कानजीच्या चहाच्या लारीवर उभं राहून खणखणीत आवाजात सांगितलं. लारीवर तेव्हा नऊ माणसं होती. एकानंही बशीतून तोंड वर काढलं नाही.

‘ऐकू आलं का?’ श्रीपत म्हणाला.

‘आलं ना भो,’ त्याच्या शेजारच्या खोलीतला बळीराम म्हणाला. ‘हत्तीवर बसून जायचं का उंटावर, तेवढं सांग म्हंजे झालं.’

नऊच्या नऊ हसले. कानजी तर इतका हसला की दूध उतू गेलं.

आता यात त्या बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता. श्रीपत सुरतेत बमरोलीतल्या एका लूमच्या खात्यात मास्तर. औशाकडून येऊन बावीस वर्षं झाली होती. मागाचा नुसता आवाज ऐकून कुठला बोल्ट सैल झालाय ते सांगायचा, आणि माणसाचा नुसता चेहरा बघून त्याला कुठली थाप पचेल ते ओळखायचा. मागच्या वर्षी दिवाळीत त्यानं जिन्याखाली एक वजनकाटा आणून ठेवला. आपल्या दोन मजली बिल्डिंगीला लिफ्ट बसणार, कंपनीला एकेकाचं वजन पाहिजे, असं सांगून बत्तीस जणांची वजनं खडूनं भिंतीवर लिहून काढली. मंडळी चपला काढून, श्वास रोखून काट्यावर चढली. बळीरामची बायको सरलाबाई तर म्हणाली, बांगड्यांचं वजा करा. लिफ्ट काही आली नाही. वजनं मात्र भिंतीवर राहिली, आणि ती पुसायला गेलं की खडू आणखीच पसरायचा.

‘या खेपेला खरं हाय,’ श्रीपत म्हणाला. ‘आईशप्पथ.’

‘लिफ्टच्या टायमाला बी आईच होती,’ बळीराम म्हणाला.

बळीराम अमळनेरकडचा. डाईंग मिलमध्ये फोल्डिंगला होता. बोलायला तसा सरळ, पण चिडला किंवा रंगात आला की गाडी थेट अहिराणीत शिरायची. आता ती शिरली. ‘तुन्हा शबदवर पंचवीस मानसं येतीन का रे? पाच बी येवाव नहीत!’

‘आणि आली तर?’

बळीरामनं इकडंतिकडं बघितलं. लारीला लागूनच भाजीची हातगाडी होती आणि तिच्यावर काटेरी देठांची लहान लहान वांगी रचलेली होती. त्याचा चेहरा उजळला. ‘आली, तं मी वांग्यांच्या मुंडावळ्या बांधसू! टेंपोत उभा राहीसन चलथाणपासून या लारीपर्यंत नवरदेव बनी येसू! अन् नहीत आली, तं तू.’

‘मंजूर.’

‘थांब थांब. एक बी थाप मारायची नाही. एक थाप मारली का तू हारला. अन् मुंडावळ्या कशाच्या असं कोणी विचारलं तर खरं काय ते सांगायचं.’

‘शरत पाक्की!’ कानजीनं गाळणं हवेत फिरवून जाहीर केलं. हातगाडीवाल्यानं वांगी मी देईन म्हणून सांगितलं. श्रीपत मिशीत हसत घरी निघाला. पंचवीस माणसं म्हणजे काय, एका लिफ्टवर बत्तीस आणली होती.

जिना चढताना मात्र त्याच्या ध्यानात आलं, की ती लिफ्टवर आणली होती.

घरी मंदा वालाच्या शेंगा सोलत बसली होती. गॅलरीतून तिनं सगळं ऐकलं होतं.

‘अवो,’ ती म्हणाली, ‘आता माझ्या येळवशीवर पैज लावली व्हय?’

लातूरकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवशीला, गावात औषधाला माणूस सापडत नाही. सगळं गाव शेतात. कडब्याची कोपी, म्हणजे छोटी झोपडी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे. ते पांडव. नव्या मडक्यात आंबील असते, म्हणजे ताकात ज्वारीचं पीठ घालून आंबवलेलं पातळ पेय, वरून लसणाचा दणका. बाजरीचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या. आणि भज्जी. थंडीत रानात जे जे हिरवं म्हणून असतं, तुरीचे दाणे, हरभरा, वाल, गाजर, मेथी, ते सगळं चिंचेच्या कोळात नि बेसनात रटरट शिजवलेलं. ही भज्जी पातेल्यानं नाही, हंड्यानं होते. कारण त्या दिवशी बांधावरून जाणाऱ्या माणसाला उपाशी जाऊ द्यायचं नसतं. ओळख असो नसो, मनगटाला धरून कोपीत आणून बसवायचं. संध्याकाळी बायका एकमेकींना काय काय केलं असं विचारतच नाहीत. किती पानं उठली, एवढंच विचारतात.

आणि मंदाची सुरतेत एकवीस वर्षं दोन पानं उठत होती. पोरगी घरी होती तोवर तीन. गॅसच्या ओट्यावर शेगडीच्या मागं पाच दगड मांडायचे, भज्जीचं पातेलं त्यांच्यापुढं ठेवायचं, आणि दुपारची पाळी गाठायला श्रीपतनं घाईघाईत जेवून पळायचं.

यंदा अमावस्या सोमवारी आली होती, सोमवारी खात्याला सुट्टी होती, आणि चलथाणच्या पुढं ठाकोरभाई नावाच्या शेतकऱ्याची पाण्याची मोटर श्रीपतनं दोनदा दुरुस्त करून दिली होती. ठाकोरभाई म्हणाला होता, ऊस तुटलाय, शेत मोकळंच पडलंय, या की. हे सगळं जुळून आलेलं मंदानं तीन आठवडे मनात घोळवलं होतं.

‘मी चाळीस माणसाचं करणार हाय,’ तिनं शेंग टचकन मोडली. ‘शेतावर नेलेलं जेवण शेतावरच संपाय पाहिजे. तुमच्या थापांच्या पायी ते तसंच परत आलं, तर सुरतेत ही माझी शेवटची येळवस. पाच पांडव घेईन नि तापीत सोडून येईन. मग तुम्ही खुशाल भजी खात बसा लारीवर.’

ती ओरडली असती तर श्रीपतनं काहीतरी चटपटीत उत्तर दिलं असतं. पण ती ओरडली नव्हती. शेंगा सोलतच होती.

त्या संध्याकाळी श्रीपत दारोदार फिरला. अंगात इस्त्रीचा शर्ट, तोंडात फक्त सत्य. आयुष्यात त्याला इतकं अवघड काम पडलं नव्हतं.

‘सोमवारी जेवायला या,’ तो शांताबाईंच्या दारात म्हणाला.

‘कशाला?’

‘येळवस हाय. शेतात हाय. टेंपो नेणार-आणणार.’

‘मग?’

‘मग काय मग? जेवायचं नि यायचं.’

‘हंऽऽ,’ शांताबाईंनी डोळे बारीक केले. ‘आणि वजन?’

महेशनं दार उघडलंच नाही, आतूनच ‘घरी कोणी नाही’ म्हणून सांगितलं. किरणनं मोबाईल काढून त्याचं बोलणं रेकॉर्ड करायला घेतलं, पुढं पुरावा असावा म्हणून. सरलाबाईनं ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि दार लावल्यावर आत बळीरामला म्हणाली ते श्रीपतला स्पष्ट ऐकू आलं, ‘या खेपेला काय करणार असेल हो हा मेला?’

शुक्रवार संपला तेव्हा श्रीपतच्या शब्दावर येणारी माणसं होती शून्य.

शनिवारी सकाळी तो खाली उतरत होता, तेव्हा तळमजल्यावरच्या निरुबेन दारात साड्यांना फॉल लावत बसल्या होत्या. जैन बाई. त्यांच्याकडं आजूबाजूच्या आठ बायका कामाला यायच्या. निरुबेननं सहज विचारलं, ‘श्रीपतभाई, सोमवारे शुं छे? मंदाबेन बहु दोडादोड करे छे.’

‘पूजा हाय, शेतात. आंबील असती आमच्यात.’

निरुबेनच्या हातातली सुई थांबली. ‘आयंबील?’

‘आंबील.’

‘तमे लोको आयंबील करो छो?’ निरुबेन उठून उभ्या राहिल्या. आयंबील म्हणजे जैनांचं व्रत. दिवसातून एकदाच जेवायचं, तेही तेल नाही, तूप नाही, दूध नाही, मसाला नाही, नुसतं उकडलेलं. आणि लिफ्टवाला हा श्रीपत, शेतात जाऊन, बायकोसकट, आयंबील करतो! बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी हात जोडले. ‘अमे बधां आवीशुं. नऊ जणी.’

श्रीपतनं तोंड उघडलं. ताक, ज्वारी, लसूण, हे तिन्ही शब्द जिभेवर येऊन रांगेत उभे राहिले. मग त्यानं तोंड मिटलं. थाप मारायची नाही असं ठरलं होतं. गप्प बसायचं नाही असं कुठं ठरलं होतं? त्यानं शब्द बरोबर उच्चारला होता, दोनदा. आता ऐकणाऱ्याचे कान गुजराती असतील तर त्याला लातूरचा माणूस काय करणार?

नऊ झाली.

समोरच्या रांगेतल्या जयेशभाईंचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं. श्रीपत तिथं मुद्दाम गेला, हे लपवण्यात अर्थ नाही.

‘जयेशभाई, सोमवारी शेतात भज्जी हाय. या.’

‘भजिया?’ जयेशभाई खुर्चीतून अर्धे उठले.

‘भज्जी,’ श्रीपत म्हणाला. सत्याला स्मरून त्यानं ज्ज वर चांगला जोर दिला. ‘भ-ज्जी.’

‘अरे हा हा, भजिया! ठंडीमां, खेतरमां, गरम गरम भजिया!’ जयेशभाईंनी तिथल्या तिथं बायकोला फोन लावला, मग भावाला, मग साडूला. सुरती माणसाला खाण्याचं आमंत्रण एकदा पोचलं की मध्ये कुणी पडत नाही. ‘आठ जण. चटणी अमारी.’

सतरा. आणि जयेशभाई दुकान बंद ठेवून निघालाय म्हटल्यावर बिल्डिंगीतल्या मराठी मंडळींचीही चुळबुळ सुरू झाली. रविवारी शांताबाई स्वतः येऊन टेंपो किती वाजता म्हणून विचारून गेल्या. महेश घरी सापडला. श्रीपत मोजत गेला तसा बळीरामचा चेहरा लांबत गेला, आणि हातगाडीवाला सगळ्यांदेखत त्याच्यासाठी वांगी निवडायला लागला.

मंदानं काही विचारलं नाही. ती बाजरी दळून आणत होती, चिंच भिजवत होती, नवं मडकं धुऊन उन्हात ठेवत होती. ताक आंबवताना गुणगुणत होती. एकवीस वर्षांत श्रीपतनं तिला येळवशीच्या आदल्या दिवशी गुणगुणताना ऐकलं नव्हतं, आणि आता ऐकलं तेव्हा त्याला उगीचच पाठीला खाज सुटल्यासारखं झालं.

सोमवारी खात्याच्या टेंपोतून कापडाचे ताके उतरवून माणसं चढवली. उरलेली मागून मोटरसायकलींवर. चलथाणच्या पुढं हवेत साखर कारखान्याचा गोडूस वास होता. ठाकोरभाईच्या शेतात कडबा कुठला? पण उसाचे शेंडे ढीगभर पडले होते. श्रीपतनं त्यांचीच कोपी केली होती. ती एका अंगाला कलली होती, तरी कोपी होती. मंदानं आत पाच पांडव मांडले, हळदकुंकू वाहिलं, मडक्यातली आंबील चौफेर शिंपडली, आणि कंबरेवर हात ठेवून बांधाकडं बघत उभी राहिली. बांधावरून माणसं येत होती. एकामागून एक, ओळीनं, ओळखीची नि बिनओळखीची. तिनं पदराचं टोक तोंडात धरलं.

बळीराम मोजायला बसला. त्यानं बोरांच्या टोपलीजवळ एक ताट घेतलं. माणूस आला की ताटात एक बोर. पंचवीस झाली, तरी बोरं पडतच राहिली. शेवटी चौतीस झाली. ‘मरी गवू,’ तो पुटपुटला आणि कपाळाला हात लावून बघितला, मुंडावळ्या कुठून कुठपर्यंत येतील म्हणून.

इकडं जयेशभाई कोपीला दोन प्रदक्षिणा घालून आले. हातात हिरव्या चटणीची बाटली. ‘कढई क्यां छे?’ त्यांनी हळूच साडूला विचारलं.

आणि निरुबेन. त्या नऊ जणी पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या, एका रांगेत मांड्या घालून बसल्या होत्या, प्रत्येकीपुढं घरून आणलेली एकेक वाटी. मंदा मडकं घेऊन पुढं आली. पाहुण्यांत पहिला मान यांचा, असं म्हणून तिनं पळी बुडवली. निरुबेननं मडक्याला हात जोडले, डोळे मिटले, आणि वाटी पुढं केली.

श्रीपत दहा हातांवर उभा होता. सगळं छान चाललं होतं. तो बोलला नसता तर कुणाला काय कळणार होतं? वाटीतला पहिला घोट पोटात जाईपर्यंत कुणालाच नाही. आणि बोलला तर? नऊ उठतील. त्यांच्या मागं भजियावाले आठ उठतील. बाकीचे हसत हसत टेंपोत जाऊन बसतील. चाळीस माणसांचं जेवण, तो हंडा, ती टोपलीभर उंड्यांची रास, सगळं परत बमरोलीला. आणि मग पत्र्याच्या डब्यातून पाच दगड तापीला.

लिफ्टच्या वेळी याच निरुबेननं काट्यावर चढताना त्याला विचारलं होतं, भाई, खरंच ना? तेव्हा त्यानं छातीवर हात ठेवला होता.

‘निरुबेन!’ तो ओरडला. ‘थांबा! पिऊ नका!’

पळी हवेत थांबली. सगळे वळले.

‘ते आयंबील नाही. आंबील हाय. ताकातली. लसूण हाय त्यात, पाव किलो. तुम्ही परवा चुकीचं ऐकलंत, ते मला तिथंच कळलं होतं, आणि मी गप बसलो.’ एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबता येईना. ‘जयेशभाई, तुमची भजी बी नाहीत. भज्जी हाय. भाजी असती ती. कढई आणलीच नाही.’

लांबून कारखान्याची घरघर ऐकू येत होती.

मंदानं पळी मडक्यात ठेवली. तिनं श्रीपतकडं बघितलं. मग हंड्याकडं बघितलं. 

‘केम ना बोल्या ते दिवसे?’ निरुबेननं विचारलं.

‘माणसं पाहिजे होती,’ श्रीपत म्हणाला. ‘माझ्या शब्दावर कुणी येईना.’

निरुबेन त्याच्या लाल झालेल्या तोंडाकडं निरखून बघत राहिल्या. ‘मारुं वजन भींत पर लख्युं, त्यारे तो तमारुं मोढुं जराय लाल नहोतुं थयुं,’ त्या म्हणाल्या. ‘आजे थयुं.’ आणि त्या हसल्या. आधी त्या, मग त्यांच्या शेजारची, मग ओळीनं नऊच्या नऊ. ‘मंदाबेन, लसण विनानुं शुं छे?’

मंदानं पदराला हात पुसले. ‘खीर हाय,’ ती म्हणाली. ‘तिळाच्या पोळ्या हायती. उंडे. बोरं, हरभरा, ऊस... थांबा, दही बी हाय वेगळं.’

‘तो पछी बेसो ने, उभां केम छो? आयंबील आवती काले. आजे खीर.’

जयेशभाई मात्र दुखावलेल्या चेहऱ्यानं हंड्यात डोकावून बघत होते. एका हातात चटणी. मंदानं त्यांच्या पानावर भज्जीचा डाव उलटा केला आणि एक उंडा कुस्करला. त्यांनी एक घास घेतला. थांबले. दुसरा घेतला.

‘अल्या,’ ते साडूला म्हणाले, ‘आ तो ऊंधियानो मामानो दीकरो छे!’

उंधियूचा मामेभाऊ म्हटल्यावर सुरती माणूस नातं तोडतो का? जयेशभाईंनी चारदा घेतली. चटणीची बाटली त्यांनी पाठीमागं लपवली, आणि ती साडूनं उंड्याला लावून संपवली. ठाकोरभाई आंबील लोट्यानं प्याला, मिशा पुसल्या आणि बांधावर जाऊन शेजारच्या शेतात ऊस तोडणाऱ्या सहा माणसांना हाका मारून घेऊन आला. मंदानं त्यांना हाताला धरून बसवलं. दुपार कलली तेव्हा हंड्याच्या तळाला खरवडण्याचा आवाज येत होता आणि शेवटचा उंडा महेश आणि किरणनं अर्धा अर्धा केला होता. मंदानं पांडव पदरानं पुसले, डब्यात ठेवले आणि सरलाबाईला म्हणाली, ‘चाळीस पानं उठली बाई. पुढच्या साली पन्नासाचं करावं म्हणते.’

मग बळीराम खाकरला.

‘श्रीपतभो,’ तो ताट मांडीवर घेऊन म्हणाला, ‘बोरं चौतीस आहेत. पण शरत काय होती? तुझ्या शबदवर यायला पाहिजे. निरुबेन अन् मंडळी तर आयंबीलला आली. बरोबर?’ त्यानं नऊ बोरं उचलली आणि एकेक करून खाऊन टाकली. ‘जयेशभाईची आठ, भजियाला.’ आणखी आठ गेली. ‘आता सतरा उरली. शांताबाई, तुम्ही कशाला आल्या?’

‘मी?’ शांताबाई म्हणाल्या. ‘जयेशभाई दुकान बंद ठेवून जातोय म्हणल्यावर म्हणलं काहीतरी असणार. आम्ही पाचही तसेच आलो.’

पाच बोरं.

‘महेश?’

‘मला बोरं आवडतात.’

‘मना कडे बी दे एखादं,’ बळीराम म्हणाला आणि त्याचं बोर स्वतःच खाल्लं. महेशची बायको, तिची बहीण आणि बहिणीचा नवरा स्वयंपाकाला सुट्टी म्हणून आले होते. किरण आणि त्याचे पाच मित्र श्रीपतची फजिती मोबाईलवर उतरवायला आले होते, आणि ती उतरलीही होती. बिया बळीरामच्या पायाशी जमत चालल्या होत्या.

‘सरलाबाई, तू तर मनी बायको शे. तू?’

‘मी तुम्हाला मुंडावळ्यात बघायला आले,’ सरलाबाई म्हणाली. ‘लग्नात नीट बघितलंच नव्हतं.’

ते बोर बळीरामनं जरा घाईनं गिळलं. ताटात एकच उरलं. सगळ्यांनी ठाकोरभाईकडं बघितलं.

‘अरे आ तो मारुं खेतर छे!’ ठाकोरभाई म्हणाला. ‘हुं तो अहींज हतो.’

ताट रिकामं झालं. पंचवीस विरुद्ध शून्य. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. श्रीपतनं हसून हात वर केले. तसा तो हसतच होता, पण चौतिसातल्या एकाही माणसानं आपलं खरं मानलं नव्हतं, हे बियांचा एवढा ढीग बघून जरा लागतंच. त्यानं शर्टाची बटणं उगीच लावली नि काढली.

‘माझं बोर कुठं हाय?’ मंदानं विचारलं.

‘तुम्ही कश्या मोजणार वहिनी? तुम्ही तर घरच्या.’

‘घरची असले म्हणून काय झालं? वजन माझं बी लिहिलं होतं भिंतीवर, सगळ्यांत वरती.’ तिनं टोपलीतलं एक टपोरं बोर निवडून ताटात ठेवलं. ‘तीन दिस चाळीस माणसाचं रांधत होते, ते कुणाच्या शब्दावर? मोजा.’

बळीरामनं ते बोर खाल्लं नाही. ‘एक,’ तो म्हणाला. ‘पंचवीसला चोवीस कमी. हारला रे भो.’

हातगाडीवाल्यानं दिलेली वांगी पिशवीतून निघाली. निरुबेननं फॉलचा दोरा आणि सुई दिली, ती दोन्ही त्यांच्याकडं असायचीच. नऊ जणींनी मिळून मुंडावळ्या ओवल्या. कपाळावर एक आडवी माळ, दोन्ही कानांवरून सात सात वांगी, मध्ये हिरव्या हरभऱ्याचे झुबके. देठांचे काटे टोचत होते. मंदानं स्वतःच्या हातानं गाठ मारली, चांगली घट्ट.

टेंपो चलथाणहून निघाला. श्रीपत पुढं टपाला धरून उभा. त्याच्या मागं बळीराम तोंडानं सनई वाजवत, आणि त्याच्या मागं हंडा बडवत बाकीची वरात. उधन्याच्या सिग्नलवर एक मोटरसायकलवाला बाजूला येऊन थांबला. ‘काका, ये क्या है?’

‘वांगी,’ श्रीपत म्हणाला. खरं सांगायचं ठरलं होतं. ‘शर्त हार गया. एकही आदमी को मेरे पे भरोसा नहीं. घरवाली छोडके.’

‘सही है काका,’ तो म्हणाला आणि फोटो काढला. पुढच्या सिग्नलपर्यंत आणखी सात जणांनी काढले. एका रिक्षातल्या बाईनं नवरीचं नाव विचारलं. श्रीपतनं मागं वळून मंदाकडं बोट केलं, आणि मंदानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, खांदे हलत होते तिचे.

बमरोलीत लारीवर दिवेलागणीची गर्दी होती. कानजीनं श्रीपतला बाकड्यावर चढवलं. वरात गोल करून उभी राहिली.

‘मंडळी,’ श्रीपत वांगी सावरत म्हणाला, ‘मी हारलो. पंचवीस माणसं आणीन म्हणलो होतो, एक आलं. बळीराम जिंकला. हे खरं हाय.’

लारीवरची माणसं बशा हातात धरून त्याच्याकडं बघत राहिली. मग एक जण दोन पावलं मागं सरकला. दुसऱ्यानं खिशातलं पाकीट चाचपलं. भाजीवाला वाकून, ही वांगी माझीच आहेत ना, म्हणून एकेक तपासू लागला.

‘काय डाव आहे?’ कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं. ‘हा हारलाच नसणार.’

‘अहो, हारला ना तो!’ बळीराम म्हणाला. ‘मी सांगतो ना! मी जिंकलो!’

‘तू पण त्याला सामील?’

‘अरे मनी मायनी आन!’ बळीराम बाकड्यावर चढला, श्रीपतच्या शेजारी, दोन्ही हात आकाशाकडं करून. ‘मी जिंकनू! हाऊ हारना! कोनी तरी इस्वास ठेवा ना रे!’

त्याच्या शेजारी श्रीपत वांग्यांच्या मुंडावळ्यांतून, हात जोडून, अगदी नव्या नवरदेवासारखा खाली मान घालून उभा होता.